घडविलेल्या खेळाडूचे मोल कोणाचे?

अंगणात वाढलेला खेळाडू परक्या संघाने पैसे मोजून नेला की चाहत्यांच्या मनात जी खळबळ उडते, तिच्याकडे हिशेबी माणसे बहुधा उपहासाने पाहतात. मुलाला चांगली किंमत आली, त्याला पगारही वाढून मिळाला, क्लबाच्या तिजोरीत भर पडली. मग ज्यांनी या व्यवहारात एक छदामही गुंतविला नाही त्यांनी कपाळाला हात का लावावा, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वरवर बिनतोड आहे. परंतु जे जमाखर्चाच्या वहीत उतरत नाही ते अस्तित्वातच नाही असे मानणे हा वहीचा न्याय झाला, अर्थशास्त्राचा नव्हे. चाहत्यांच्या त्या संतापात एक रास्त दावा दडलेला असतो. तो दावा नीट समजून घेणे धाराशिवसारख्या जिल्ह्याला विशेष अगत्याचे आहे. कारण फुटबॉलशी या जिल्ह्याचा संबंध बेताचाच असला, तरी खेळाडू घडवायचे आणि ते दुसऱ्यांच्या हवाली करायचे, हा उद्योग तो खो-खोच्या मैदानावर वर्षानुवर्षे करीत आला आहे.

शून्य किमतीचा खेळाडू

प्रथम फुटबॉलच्या जगातील एक ताजा दाखला पाहू. २०२४ च्या जूनअखेरीस इंग्लंडच्या ईशान्य भागातील न्यूकॅसल युनायटेड या क्लबाने एलियट अँडरसन हा एकवीस वर्षांचा खेळाडू नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबाला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना विकला. हा मुलगा त्याच परिसरातला, वयाच्या आठव्या वर्षापासून क्लबाच्या अकादमीत वाढलेला. तो खराब खेळत होता म्हणून त्याला काढले नाही, किंवा क्लबाला तो नकोसा झाला होता असेही नाही. पुढे २०२५ मध्ये तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. मग त्याला विकण्याची निकड का पडली? याचे उत्तर मैदानावर सापडत नाही. ते हिशेबाच्या नियमांत आहे.

त्या वेळी लागू असलेल्या नियमानुसार इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबाला तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांहून अधिक तोटा दाखविता येत नसे. आता, विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची टाकली जाते. एखादा खेळाडू पाच कोटींना पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर दरवर्षी एक कोटी खर्च पडतो आणि दोन वर्षांनंतर वहीत त्याची किंमत तीन कोटी उरते. त्याला साडेतीन कोटींना विकले तर नफा दिसतो तो अवघा पन्नास लाखांचा. पण जो मुलगा आठव्या वर्षापासून आपल्याच अकादमीत वाढला, त्याला विकत घेतलेलेच नसल्याने वहीत त्याची किंमत शून्य. त्याचे साडेतीन कोटी आले की सगळेच्या सगळे साडेतीन कोटी नफा! साहजिकच, हिशेबाचे वर्ष संपत आले आणि तोटा मर्यादेबाहेर जाऊ लागला की क्लबाची नजर प्रथम आपल्या घरच्या पोरांकडे वळते. चेल्सी क्लबाने २०२३ मध्ये मेसन माउंट आणि २०२४ मध्ये कॉनर गॅलाघर हे बालपणापासून आपल्याकडे वाढलेले दोन खेळाडू विकले, तेव्हाही हाच हिशेब चर्चेत आला होता.

क्लबांनी उधळपट्टी करून दिवाळे काढू नये, हा नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र असा झाला की जो खेळाडू चाहत्यांना सर्वाधिक जवळचा तोच विकायला सर्वाधिक सोयीचा ठरला. वहीतले हे शून्य कसे आले याचा विचार केला म्हणजे चाहत्यांच्या रागाचे मूळ हाती लागते. त्या मुलाला घडविण्यात पंधरा वर्षांचे श्रम, प्रशिक्षकांचा वेळ, आईवडिलांची धावपळ आणि कोवळ्या वयात त्याच्या चुका पोटात घालणाऱ्या प्रेक्षकांचा धीर खर्ची पडलेला असतो. वहीत शून्य असले म्हणून खर्च शून्य होत नाही. तो अनेकांच्या खिशातून आणि आयुष्यातून, बिनपावतीचा झालेला असतो, एवढेच.

चाहत्याची कोंडी

ग्राहक आणि चाहता यांत एक मूलभूत फरक आहे. एका दुकानातील माल निकृष्ट निघाला तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असमाधानी माणसापुढील दोन मार्ग सांगितले: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. आणि निष्ठा जितकी बळकट तितका पहिला मार्ग अवघड, हेही त्यांनी दाखवून दिले. चाहत्याची स्थिती नेमकी हीच असते. न्यूकॅसलचा माणूस शेजारच्या सुंदरलँड क्लबाचा चाहता होऊ शकत नाही. कोल्हापुरात एका पेठेच्या तालमीचा पाठीराखा दुसऱ्या पेठेच्या तालमीचा जयजयकार करीत शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसू शकत नाही. निघून जाण्याची वाट बंद असल्यामुळे त्याच्याजवळ आवाज तेवढा उरतो. तो आवाज कधी कर्कश होतो, कधी जाणाऱ्या पोरालाच गद्दार ठरवतो, हे खरे. पण कर्कशपणा निंद्य आहे म्हणून तक्रारही खोटी ठरत नाही.

या तक्रारीचा एक भाग मात्र निःसंशय नाकारला पाहिजे. खेळाडूने जाऊच नये, असे म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. युरोपात एके काळी खेळाडूचा करार संपला तरी जुन्या क्लबाला पैसे मिळाल्याखेरीज तो दुसरीकडे जाऊ शकत नसे. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मान या खेळाडूने या प्रथेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ही प्रथा अवैध ठरविली. माणूस ही क्लबाची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने अधोरेखित केले. खेळाडूचे उमेदीचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. एक गुडघा दुखावला की सारे संपले. अशा माणसाने चांगल्या पगाराची संधी गावाच्या प्रेमाखातर नाकारावी, अशी अपेक्षा धरणे हे प्रेम नव्हे, स्वार्थ आहे.

तेव्हा प्रश्न खेळाडूला अडविण्याचा नाही. तो जाताना जी किंमत उभी राहते, तिच्यात त्याला घडविणाऱ्या भूमीचा काही वाटा आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

शिकवण्याचा खर्च कोण सोसतो?

गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मानवी भांडवलाविषयी जो विचार मांडला, तो येथे उपयोगी पडतो. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे सारखेच उपयोगी पडते, ते शिकविण्याचा खर्च मालक आपण होऊन करणार नाही. कारण शिकविलेला माणूस दुसरीकडे गेला तर खर्च याचा आणि फायदा त्याचा. म्हणून असा खर्च शिकणारा स्वतःच, उमेदवारीच्या काळात कमी वेतन स्वीकारून, सोसतो, असे बेकर यांचे प्रतिपादन. कारखान्यातील उमेदवाराला हे लागू पडेल. पण बारा वर्षांच्या मुलीला कसले वेतन आणि ती त्यात कसली कपात सोसणार? तेथे खर्च पडतो तो तिच्या घरच्यांवर, शाळेच्या क्रीडाशिक्षकावर आणि संध्याकाळी मैदानावर पाणी मारून खुंट रोवणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्यांवर. यांपैकी कोणालाही परताव्याची हमी नसते. परतावा नसताना हे काम चालू राहते ते केवळ हौसेवर. आणि हौसेवर चालणारी व्यवस्था एक पिढी थकली की बंद पडते.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने या अडचणीवर २००१ मध्ये एक तोडगा काढला. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात करारबद्ध असताना विकला गेला, तर त्या रकमेपैकी पाच टक्के रक्कम बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान त्याला शिकविणाऱ्या सर्व क्लबांत वाटली जाते. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का आणि पुढील आठ वर्षांसाठी दरवर्षी अर्धा टक्का, असे हे गणित आहे. याखेरीज कोवळ्या वयातील प्रशिक्षणाची वेगळी भरपाईही ठरलेली आहे. क्लब पैसे बुडवू लागले तेव्हा २०२२ पासून पॅरिसमध्ये एक स्वतंत्र संस्था स्थापून ही रक्कम तिच्यामार्फत पोचविण्याची व्यवस्था झाली. एक कोटीच्या व्यवहारात हे प्रमाण लावले, तर बारा ते पंधरा या वयात मुलाला सांभाळणाऱ्या लहानशा क्लबाच्या वाट्याला एक लाख रुपये येतात. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ. पण ज्या क्लबाला दरवर्षी चेंडू आणि बूट घेताना दहा दारे ठोठवावी लागतात, त्याच्या दृष्टीने ती दोन-तीन हंगामांची बेगमी होय.

भारतातही आता असे व्यवहार होऊ लागले आहेत. गोव्यातील मडगावनजीकच्या दवर्ली येथील लिस्टन कोलासो हा खेळाडू साळगावकर क्लबाच्या मुशीतून एफसी गोवा या संघात आला. तेथे पुरेशी संधी न मिळाल्याने २०२० मध्ये हैदराबादकडे गेला. आणि २०२१ मध्ये कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने त्याच्यासाठी सुमारे एक कोटी रुपये मोजले. केरळा ब्लास्टर्सने सहल अब्दुल समद याला २०२३ मध्ये मोहन बागानकडे आणि जीक्सन सिंग याला २०२४ मध्ये ईस्ट बंगालकडे जाऊ दिले. हे दोघेही तेथेच मोठे झालेले; साहजिकच कोचीच्या चाहत्यांना ते जिव्हारी लागले. पण तेथे निदान एक व्यवहार झाला, किंमत ठरली, आणि कोणाला काय मिळाले असे विचारता तरी आले.

लिलावात गावाला जागा नाही

महाराष्ट्राच्या मातीतील खेळांत हे विचारण्याचीही सोय नाही. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि कबड्डीपटूंना प्रथमच खरा बाजारभाव मिळाला, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट झाली. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूने २०१८ च्या हंगामात मुंबईच्या यू मुंबा संघातून पदार्पण केले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. मुंबईकर चाहते एका हंगामाच्या कौतुकानंतर हात चोळत बसले. परंतु फुटबॉलचे हस्तांतर आणि कबड्डीचा लिलाव यांत एक भेद आहे. हस्तांतराची रक्कम एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे जाते. लिलावातील बोली हे खेळाडूचे मानधन असते. ते त्याला मिळते हे उत्तमच. पण ज्या मंडळाच्या मैदानावर त्याने पहिली चढाई केली, ते मंडळ या व्यवहारात कोठेच नसते.

खो-खोची लीग २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सहा संघांनिशी सुरू झाली. दुसरा हंगाम २०२३-२४ मध्ये कटकला झाला. हे दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. आणि धाराशिवची खरी कीर्ती आहे ती मुलींच्या खो-खोमुळे. राज्य अजिंक्यपदाच्या महिला गटात पुणे, ठाणे यांसारख्या संपन्न जिल्ह्यांच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले जाते, तो हा जिल्हा नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित, म्हणजे साध्या भाषेत मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत घातलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी तुटपुंजी, दिवाळी सरली की उसाच्या फडाकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, अशी ज्याची ओळख, त्या जिल्ह्याने सारिका काळे यांच्यासारखी खेळाडू देशाला दिली. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा सन्मान तब्बल बावीस वर्षांनी लाभला. जवळजवळ दशकभर दिवसातून एकदाच जेवून आपण दिवस काढले, असे त्यांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितले होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला. त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

या यशाचे अर्थशास्त्र काय? सारिका काळे यांनी एकवेळ जेवून काढलेली ती दहा वर्षे कोणत्या वहीत नोंदली आहेत? न्यूकॅसलच्या वहीत अँडरसनची किंमत शून्य होती. पण त्याला विकल्यावर साडेतीन कोटी पौंड तरी आले. धाराशिवच्या वहीत मुलीची किंमत येतानाही शून्य आणि जातानाही शून्य. ती खेळाडू-कोट्यातून रेल्वे, विमानतळ प्राधिकरण किंवा राज्याच्या एखाद्या खात्यात लागते. तिच्या घरी पहिल्यांदा महिन्याचा ठरलेला पगार येतो, आणि गाव पेढे वाटते. ते योग्यच आहे. खो-खोमध्ये चाहत्यांचा संताप दिसत नाही, कारण संतापावे असा विकणारा समोर नाही आणि विकलेली वस्तूही नाही. खेळाडू विकला जात नाही, तो केवळ निघून जातो. मात्र विक्रीचा बोभाटा झाला नाही म्हणून झीज झाली नाही असे होत नाही. धाराशिवची झीज मुकाट्याने होते, एवढाच काय तो फरक.

उपाय आणि आक्षेप

या झिजेवर उपाय काय? पहिला उपाय सहज सुचतो. फुटबॉलप्रमाणे प्रत्येक बोलीतील पाच टक्के रक्कम खेळाडूच्या मूळ मंडळाला द्यावी. परंतु येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी लगेच हटकेल. कर कोणावर बसविला आहे यावरून तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो हे ठरत नाही. संघमालकाची थैली ठराविक रकमेची आहे. पाच टक्के मंडळाला द्यायचे ठरले की तो बोली तेवढी खाली आणील आणि भार अखेर खेळाडूच्या मानधनावर पडेल. फडातून आलेल्या आईबापांच्या मुलाला मिळणाऱ्या पैशातून त्याच्या गावाची भरपाई करणे हा न्याय नव्हे.

म्हणून वाटा बोलीवर न ठेवता लीगच्या एकंदर उत्पन्नावर, म्हणजे प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रायोजकत्व यांपासून येणाऱ्या रकमेवर, ठेवला पाहिजे. त्यातून एक निधी उभारावा आणि ज्या मंडळाने किंवा शाळेने खेळाडूला बाराव्या वर्षापासून जितकी वर्षे शिकविले, त्या प्रमाणात तो वाटावा. असे केल्याने कोणत्याही एका खेळाडूचा भाव घटत नाही आणि लीगला ज्या विहिरीतून पाणी मिळते तिचा गाळ काढण्याची सोयही होते. लीगच्या मालकांनाही हे अंती हिताचेच आहे. धाराशिव, सांगली, इचलकरंजी येथील मैदाने ओस पडली तर दहा वर्षांनी बोली लावायची ती कोणावर?

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. ज्या खेळाला बाजारच नाही, तेथे बाजारातील वाटा म्हणजे शून्याचे पाच टक्के. महिलांची खो-खो लीग उभी राहील तेव्हा राहो. तोपर्यंत धाराशिवच्या मुलींना वरील व्यवस्थेचा एक पैचा उपयोग नाही. येथे जबाबदारी शासनाची आणि खेळाडूंना नोकरीत घेणाऱ्या संस्थांची ठरते. विश्वचषकानंतर शासनाने विजेत्या खेळाडूंना पारितोषिके दिली, तशीच त्यांना घडविणाऱ्या मूळ मंडळालाही काही रक्कम आपोआप मिळावी, आणि ती सत्कार समारंभाच्या कृपेने नव्हे, लेखी नियमाने. तसेच जी संस्था खेळाडू-कोट्यातून मुलीला आपल्या संघात घेते, तिने त्या मुलीच्या मंडळाला एकदाच साहित्य-अनुदान द्यावे. एक मॅट, खुंटांची एक जोडी आणि मैदानावर दिवे, एवढ्याने एका तालुक्याचा खेळ दहा वर्षे चालतो.

यावर असा आक्षेप येईल की पैसा आला की बनावट मंडळे उगवतील आणि नामवंत खेळाडू आमच्याकडेच शिकला असे सांगणारे दहा जण उभे राहतील. आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उत्तर आहे आणि ते शिक्षकांच्या हाती आहे. शालेय स्पर्धांत भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद बाराव्या वर्षापासून होते. शाळा कोणती, मार्गदर्शक कोण, हे त्या वेळच्या कागदावर असते. ही नोंद जपून ठेवली आणि तिचे वर्षवार खाते केले, तर उद्या दावा कोणाचा खरा हे ठरवायला वाद घालावा लागणार नाही. फुटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूची अशी नोंदवही ठेवली जाते आणि पैसे तिच्यावरूनच वाटले जातात. आणखी एक पथ्य पाळावे लागेल: ही रक्कम कोणा पदाधिकाऱ्याच्या हाती न देता मैदान, साहित्य आणि मुलींचा आहार एवढ्याच बाबींवर खर्च होईल, आणि तिचा हिशेब दरवर्षी मंडळाच्या फलकावर लागेल.

राहता राहिला चाहता. धाराशिवच्या प्रेक्षकाने आपल्या मुलींच्या जाण्यावर रागावू नये. त्यांनी खुशाल जावे, नाव काढावे आणि चांगला पगार घ्यावा. परंतु त्याने सत्कार-सोहळ्यात टाळ्या वाजवून घरीही जाऊ नये. न्यूकॅसलच्या चाहत्याने आपल्या क्लबाला विचारले की आमचा पोरगा का विकला. धाराशिवच्या चाहत्याने जिल्हा संघटनेला, शासनाला आणि लीग चालविणाऱ्यांना विचारावे की आमच्या मुली तुम्ही नेल्या, त्यांच्या मागच्या मुलींसाठी येथे काय ठेवले. या प्रश्नाला आकड्यांत उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहणे, हेच खऱ्या पाठीराख्याचे काम आहे.